पूजेला बसलेला करडा रंग

करड्या रंगाबद्दल माझ्यासमोर कुणी चकार शब्द काढू नये. बाकी कुठल्याही रंगाशी माझं वैर नाही. आमच्या गल्लीत एकाने घराला जो कावीळ झाल्यासारखा पिवळा फासलाय, तोसुद्धा मी निमूट सोसतो. पण करडा दिसला की माझं डोकं फिरतं, आणि तो मेला सगळीकडे दिसतो. रस्ता करडा, ऑफिसातली कपाटं करडी, दाढी केली नाही तर मीही करडा.

कारण सांगतो. सांगताना पुन्हा चिडेन, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या घरी टेबलावरचा एक खेळ चालतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात, फासे टाकून राक्षसांशी लढतात, दारं फोडतात, कधी मरतातही. गोष्ट सांगणारा मी. माझी मुलगी आठवीत असताना खेळ सुरू झाला, तिच्या वर्गातले दोघे येऊन मिळाले, आणि तेव्हा सुरू केलेली गोष्ट अजून संपलेली नाही. मुलगी आता बंगळूरला नोकरी करते. दोघांपैकी एक पापनाशमला वडिलांची भातगिरणी बघतो, दुसरा तिरुवैयारूत मृदंग शिकवतो. सणावारी तिघं आमच्याकडे जमली की मी पुढचा तुकडा सांगतो. इतकी वर्षं आमचे बुरूज म्हणजे उपडे घातलेले कॉफीचे पेले आणि पूल म्हणजे इडलीची ताटली. कुणाची तक्रार नव्हती.

मग जूनमध्ये मुलीचा फोन आला. नव्या वर्षात कंपनी तिला परदेशी पाठवणार होती. किती काळासाठी ते कंपनीलाही ठाऊक नव्हतं.

"अप्पा, सरस्वती पूजेला येते. दीड दिवस मिळेल. तेवढ्यात गोष्ट संपवू या."

"संपवू. शेवटचं भुयार मी बनवतो. खरंखुरं. भिंती, खांब, फरशा, सगळं."

"तुम्ही?"

"मी."

"अय्यो अप्पा, तुमचा चपलांचा स्टँड मी कॉलेजला असल्यापासून बनतोय. नकाशे लॅपटॉपवर आयते मिळतात. टीव्हीला जोडू आणि खेळू."

"टीव्ही बातम्यांसाठी असतो."

"बरं. भुयार तयार असलं तर टेबलावर, नसलं तर टीव्हीवर. ठरलं?"

ठरलं. म्हणजे शेवटच्या लढाईला आम्ही चौघं डोक्याला डोकं लावून टेबलावर वाकणार, की तिघं भिंतीकडे तोंड करून बसणार आणि मी मागून रेडिओसारखा बडबडणार, एवढं त्या भुयारावर अवलंबून होतं. आणि यानंतर टेबल कधी भरेल याची खात्री नव्हती.

पहिलं भुयार मी थर्माकोलचं कापलं. दगडांचे सांधे पेनाच्या टोकाने कोरले. झकास झालं. मग ते गच्चीवर नेऊन त्यावर मोटारीला मारतात तो काळा स्प्रे मारला. थर्माकोल त्या स्प्रेने विरघळतो हे डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मी ते वाचलं, पण नंतर. डोळ्यांदेखत भिंती आक्रसल्या, खांबांना भोकं पडली, जमीन फेसाळली. बायको कपडे वाळत घालायला वर आली होती. तिने वाकून बघितलं.

"भुयार म्हणजे असंच असतं का हो?"

मी खाली उतरलो. दुसरं भुयार कापलं. या खेपेला गोंदात काळा रंग कालवून हाताने लेप दिला. आता राहिला फक्त वरचा रंग. दगडाचा. करडा. एका सुट्टीचं काम.

तिथून माझी जी वाट लागली! फोनवर व्हिडिओ बघायला बसलो. एक दाढीवाला म्हणाला, करडा रंग थेट बाटलीतून लावणारा माणूस आळशी. दुसरा म्हणाला, दगडात निळसर झाक हवी. तिसरा म्हणाला, निळसर झाक लावणाऱ्यांनी आयुष्यात दगड बघितलेला नाही. चौथ्याने तर करड्याचे ऊबदार आणि थंड असे दोन भेद सांगितले. रंगाला थंडीताप असतो हे मला या वयात कळलं. मी प्रत्येकाचं ऐकलं, कारण प्रत्येकजण अगदी शांतपणे, खात्रीने बोलत होता, आणि घरात माझ्याशी तसं कुणी बोलत नाही. निळसर आणला, हिरवट आणला, राखेचा, शिशाचा, ओल्या सिमेंटचा. जुन्या पुठ्ठ्यावर पट्टे ओढून वाळवायचे, सकाळी बघायचे, ऑफिसातून आल्यावर बघायचे. सकाळी पसंत पडलेला संध्याकाळी भिकार दिसायचा.

हार्डवेअरच्या दुकानात गेलो, की तिथे तरी माणसांसारखा व्यवहार असेल.

"दगडाचा रंग द्या."

"कंपाउंडला की देवळाला, सार?" दुकानदाराने विचारलं.

"भुयाराला."

"किती चौरस फूट?"

मी हाताने दाखवलं. साधारण पाटाएवढं. त्याने गल्ल्यावरच्या माणसाकडे बघितलं, गल्ल्यावरच्या माणसाने माझ्याकडे, आणि त्यानंतर मला कुणी 'सार' म्हटलं नाही.

मग माझ्यातला विद्वान जागा झाला. म्हटलं, मोठं देऊळ दोन रस्त्यांपलीकडे उभं आहे, हजार वर्षांचा दगड, आणि मी दाढीवाल्यांना काय विचारतोय? पट्ट्यांचा पुठ्ठा घेऊन देवळात गेलो. भिंतीला पुठ्ठा टेकवून, एक डोळा मिटून बघू लागलो. तो दगड करडा नाही हो! उन्हात मधासारखा, सावलीत काकवीसारखा, आणि जिथे लोकांचे हात लागतात तिथे तेलकट काळा. आमच्या पिढ्यान् पिढ्या या गावात गेल्या, आणि देवळाचा रंग सांग म्हटलं असतं तर मी डोळे झाकून करडा म्हणालो असतो. माझे सगळे पट्टे खोटे ठरले. तेवढ्यात पहारेकरी धावत आला.

"ओ! भिंतीला काय फासताय?"

"फासत नाही. जुळवतोय."

"काय जुळवताय?"

"रंग."

"देवळाला रंग देणारे तुम्ही कोण?"

शाळेची सहल थांबून बघत होती. मी पुठ्ठा शर्टात खुपसला आणि निघालो. शर्टाला आतून सकाळीच ओढलेला, न वाळलेला शिशाचा करडा लागला. तो अजून गेला नाही.

असं करत करत सरस्वती पूजेची सकाळ उजाडली. मुलगी रात्रभराच्या बसने आली, बॅग टाकली आणि थेट टेबलापाशी गेली.

"अप्पा, हे तर काळंच आहे."

"दुपारपर्यंत करडं होईल. रंग जवळपास ठरलाय."

"जवळपास!" असं म्हणून ती अंघोळीला गेली.

त्या दिवशी आमच्याकडे वस्तूंना पूजेला बसवतात. महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रं पुजतात तसंच, पण आमच्याकडे शस्त्रांशिवाय सगळं येतं. नवरात्रात मांडतात त्या कोलूच्या बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे बायकोने पुस्तकं, विळी, शिवणयंत्र, पाने-पकडी, स्कूटरची किल्ली असं सगळं मांडलं होतं. मुलीने स्वतःहून लॅपटॉप आणून दिला. "ऑफिसला सांगितलंय, आज लॅपटॉप देवाचा." बायको प्रत्येक वस्तूला गंध-कुंकू लावत होती. मी बघितलं, झाडूलासुद्धा टिळा लागला होता. माझे ब्रश आणि बाटल्या मात्र बाजूला, वर्तमानपत्रावर.

"हे का नाही?" मी विचारलं.

"ते खेळणं आहे ना तुमचं."

माझं टाळकं सटकलं. चार महिने मी रंगांत मरतोय, आणि झाडू आयुध आणि माझा ब्रश खेळणं? मी आवाज चढवला. घरात माझ्या कामाला किंमत नाही, म्हटलं. कलाकाराचं हत्यार कोणतं, म्हटलं. 'कलाकार' हा शब्द मी स्वतःबद्दल वापरला. मुलगी ओले केस पुसत दारात उभी राहून ऐकत होती.

"बसवते हो," बायको म्हणाली. "पण मग उद्यापर्यंत..."

"पण नाही न् बिण नाही. सगळं बसव. भुयारपण बसव!"

तिने बसवलं. ब्रश, बाटल्या, फाशांची डबी, भुयाराचा तुकडा न् तुकडा. प्रत्येक बाटलीच्या झाकणाला टिळा, प्रत्येक भिंतीला टिळा. आरती झाली. मला इतकं समाधान वाटलं की डोळे भरून आले. प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल खाल्लं, हात पुसले, आणि म्हटलं, चला, आता कामाला, आणि ब्रशाकडे हात नेला.

"हात!" बायको किंचाळली.

पूजेला बसलेली वस्तू दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईपर्यंत कुणी हलवायची नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? लहानपणी या एका नियमावर माझं प्रेम होतं, कारण पुस्तकं देवापाशी आणि अभ्यास बंद. पन्नास वर्षं पाळलेला नियम मी कलाकार होण्याच्या नादात विसरलो होतो.

"मी तेच सांगत होते," बायको म्हणाली. "तुम्ही कलाकार होतात तेव्हा."

चार वाजता गिरणीवाला आणि मृदंगवाला आले. रंग नाही, फासे नाहीत. टीव्हीवर खेळायचं तर लॅपटॉप देवाचा, आणि त्या दोघांचे त्यांच्या त्यांच्या घरी देवाचे. ते सुंडल खाऊन, कोलू बघून, उद्या येतो म्हणून गेले. मग मी मुलीवर चिडलो. म्हटलं, दीड दिवस घेऊन कुणी येतं का बापाकडे?

तीही तापली. "जूनमध्येच सांगितलं होतं, टीव्हीवरही चालेल. मला खेळायचं होतं अप्पा. तुम्हाला रंग निवडायचा होता. रंग ठरेपर्यंत गोष्ट संपवावी लागत नाही, खरं ना?"

"ऑफिसात शिकवतात का हे असलं बोलायला?"

"पोदुम अप्पा, पुरे!" म्हणाली आणि गच्चीवर गेली. मी मागे गेलो नाही. ती जे बोलली ते खोटं असतं तर मी नक्की गेलो असतो.

सकाळी पूजा उरकली. विजयादशमीला प्रत्येकाने आपलं हत्यार उचलून थोडं तरी काम करायचं असतं. मी भुयार उचललं आणि पुन्हा भडकलो. टिळे काळ्या लेपात मुरले होते. ओल्या कापडाने पुसले तर पसरले.

"हे काय केलंस!"

"बसव म्हणालात ना?"

मी करड्यांच्या बाटल्यांवरून हात फिरवत उभा. निळसर की राखेचा? तेवढ्यात मुलीने तळाशी राहिलेली पांढऱ्याची बाटली काढली, रुंद ब्रशाला जरासा रंग लावला, तो वर्तमानपत्रावर पुसून कोरडा केला आणि भिंतींवरून खसाखसा फिरवला. काळ्यावर पांढरं नुसतं कडांना लागलं. भुयार दगडाचं झालं. मी आणलेली एकही करडी बाटली तिने उघडली नव्हती. माझी कॉफी गार व्हायच्या आत काम संपलं. इतका संताप मला आयुष्यात आला नसेल.

दोघे आले, आम्ही टेबलावर वाकलो. मी रागानेच सुरुवात केली. वीर पहिल्या दालनात शिरले. गिरणीवाल्याने आपली सोंगटी भिंतीशी ठेवली आणि थबकला.

"सार, हे कुंकू कुणी लावलंय?"

माझ्या गोष्टीत कुंकू नव्हतंच. पण मी इतका चिडलेला होतो की तोंडातून निघून गेलं, "बोट लाव. ओलं आहे."

फासे मुलीच्या मुठीतच राहिले.

"म्हणजे इथे आत्ता कुणीतरी पूजा करून गेलंय," ती हळूच म्हणाली. "कुणाची?"

मला तरी काय माहीत! पण त्यानंतर त्यांनी एकही दार सरळ उघडलं नाही. प्रत्येक भिंतीचा टिळा तपासला, वाद घातले, दिवा लावायचा की नाही यावर मृदंगवाला आणि ती भांडले. बसची वेळ झाली तेव्हा आमचे वीर दुसऱ्या दालनाच्या उंबऱ्याशी होते आणि शेवटची लढाई कोसभर लांब.

ती बॅग घेऊन उठली, माझ्याकडे रोखून बघितलं. "मुद्दाम केलंत ना?"

"मी? तुझ्या आईने केलं!"

"डिसेंबरात एक शनिवार काढते. काढावाच लागेल आता." फाटकापाशी वळून म्हणाली, "आणि अप्पा, त्याला रंग लावलात तर बघा."

लावणार नाही. पण त्या बाटल्या! घरात शिरलो तो सगळ्या उचलून कचऱ्यात टाकायला, तर बायको आडवी. पूजेला बसलेली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही म्हणे. तेव्हा त्या आता देव्हाऱ्याखालच्या फळीवर ओळीने बसल्या आहेत, डोक्यावर कुंकू लावून, आणि रोज सकाळी अंघोळ करून मी त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहतो.