घरातून एकही पेटी विकायची नाही

विहिरीचं पाणी तळाला गेलं की पंप आपोआप बंद करणारी पेटी मी बनवली, तेव्हा आईने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "ह्या खेळण्यासाठी चांगली नोकरी सोडलस?" मला ते फार लागलं. पण जिने आपल्याला पेज भरवली तिच्याशी सर्किटवरून वाद घालता येत नाही.

पुढे कुडाळच्या एका पंपवाल्याने वितरक व्हायचं कबूल केलं. अट एकच: घरातून एकही पेटी विकायची नाही. "लोक थेट तुमच्याकडे आले तर मी दुकानात काय माश्या मारू?" म्हणाला. मुद्दा रास्त होता. बनवणाऱ्याचं घर ठाऊक असताना दुकानात जायचं, हा आमच्याकडे नात्याचा अपमान समजतात. तरी मी सख्ख्या मामालाही कुडाळलाच पिटाळलं. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

मी मात्र स्वतःच्या सचोटीवर बेहद्द खूश होतो. माळ्यावरच्या पेट्या दरवेळी दोन-तीन कमी भरायच्या, तेव्हा मी माझ्याच गणिताला शिव्या घालायचो.

एप्रिलात वितरक तणतणत आमच्या अंगणात उतरला. आमचं गाव म्हणजे त्याची सासरवाडी. सासूच्या विहिरीवर त्याला माझी पेटी दिसली होती आणि ती त्याच्या दुकानातली नव्हती.

"आपला व्यवहार संपला," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

याच्याशिवाय जिल्ह्यात मला कुणी दारातही उभं केलं नव्हतं. मी शपथा घ्यायला तोंड उघडलं, तोच अंगणातल्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालणारी आई मानही वर न करता म्हणाली, "मीच दिलंय. तुमच्या सासूक ह्या उन्हात कुडाळाक धाडू?"

"आणखी किती जणांका दिलास?" वितरकाने विचारलं.

"धा-अकरा. पैशे डब्यात आसत."

वितरक मटकन ओट्यावर बसला. वर्षभरात त्याच्या दुकानातून चार गेल्या होत्या. त्याचा राग कुठल्या कुठे पळाला आणि आतला दुकानदार जागा झाला.

"काकी, सांगतास तरी काय लोकांका? माका चार खपवताना नाकी नव इले."

मीही कान टवकारले. इतका खपून मी माहितीपत्रक छापलं होतं, ते तिने उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"काय सांगतलंय?" आई सोलं उलटत, माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली. "माझ्या झिलान केल्यान, बिघडाची नाय. आणि बिघडलीच तर माका येऊन सांगा, मी त्येचो कान धरतलंय."

वितरकाने तिथेच आणखी वीस पेट्या मागितल्या. त्या आणायच्या निमित्ताने मी माळ्यावर चढलो आणि बराच वेळ खाली उतरलो नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाने खळ्यात सगळ्यांसमोर रडणं बरं दिसत नाही. गावातल्या दहा-अकरा घरांना तिने हे सांगितलं होतं. मला एकदाही नाही.