राउटरवाले आणि रूटरवाले

आमच्या ऑफिसात दोन साहेब होते आणि दोघांनाही इंटरनेटमधलं एकच काम मनापासून जमायचं, ते म्हणजे त्यातल्या शब्दांचा उच्चार करणं. बाकीचं लाइनमन बघायचे.

एक पुण्याहून आलेले. फोनवर बसून ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्यांना बोलायला शिकवण्यासाठी त्यांना ठेवलं होतं. ते राउटर म्हणत. दुसरे नेटवर्कचे सर, बरीच वर्षं आखातात काढून परत आलेले. ते रूटर म्हणत. पुण्याचे सर डेटा म्हणाले की नेटवर्कचे सर मुद्दाम मोठ्यानं डाटा म्हणत. सकाळी ग्रुपवर कुणी हलणाऱ्या फुलांचं चित्र टाकलं, तर त्याला जिफ म्हणायचं की गिफ यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत चर्चा. एकदा कॉम्प्युटर अडकत होता म्हणून एकानं सांगितलं, कॅशे साफ करा. दुसरा म्हणाला, कॅश. दोघांनी आपापल्या मोबाईलवर कुठल्यातरी गोऱ्या माणसाचा व्हिडिओ लावून एकमेकांच्या कानाशी धरला. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत अडकलेलाच होता. एवढी शिकलेली माणसं एवढ्याशा गोष्टीवर एवढी खूश कशी राहू शकतात, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं. आता वाटत नाही. दुसरं काही नसलं की माणूस जे हातात असेल त्यावर खूश राहतो.

मी भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सोडली. केबलसाठी चर खणणाऱ्या टोळीबरोबर या शहरात आलो आणि पडेगावच्या रस्त्याला खणता खणता माझी पाठ धरली. आमचे सेठ लाइन बघायला आले होते. मला वाकलेला बघून म्हणाले, "आवाज नरम है तेरा. फोन पे बैठ." पाठीचा आणि आवाजाचा संबंध काय ते मी विचारलं नाही. त्या माणसाचे उपकार मी आजही मानतो. आईला फोन करून सांगितलं की आता पंख्याखाली, खुर्चीवर बसायचं काम आहे. तिनं ते आळीभर सांगितलं. त्यामुळे परत चरात उतरायची वेळ आली तर तिला काय सांगायचं, हा घोर मला रोज असायचा.

फोनवर मी एकच केलं. समोरचा जसं म्हणेल तसं म्हणायचं. वाळूजहून कंपनीतला कुणी पाळी संपवून फोन करायचा आणि म्हणायचा, "ती डबी लई गरम व्हतीय." मी म्हणायचो, डबी बंद करून चालू करा. चिकलठाण्याचे एक चाचा मोडम म्हणायचे, त्यांच्याशी मोडम. पुण्याच्या सरांसमोर राउटर, नेटवर्कच्या सरांसमोर रूटर. यात शहाणपण काही नव्हतं, भीती होती. प्रत्येक वाक्याला "हो जी" लावायची आमच्याकडची सवय तेवढी सुटली नाही. पुण्याच्या सरांना ते ऐकवायचं नाही. "जी काय, जी? हे काय भजन आहे का?"

शनिवारी सकाळी सगळ्यांना आतल्या खोलीत बसवायचे. लाइनमन, फोनवाले, दोन्ही सर, सेठ. पोहे यायचे आणि आठवड्यातल्या एका फोनचं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावायचे. मग ज्याचा फोन त्याची चिरफाड. सेठनं मला सांगून ठेवलं होतं, "इस शनिवार को तेरा फैसला करते." म्हणजे खुर्ची की चर.

आणि त्या शनिवारी पुण्याच्या सरांनी माझाच फोन काढला. आदल्या दिवशीचा, पडेगावच्या एका बाईंचा. तो शेवटी कुठं जातो हे मला माहीत होतं. त्या बाई सकाळपासून ताटकळत होत्या आणि फोन ठेवता ठेवता मी त्यांना म्हणून बसलो होतो, "ताई, आमचे दोन साहेब शब्द धूत बसलेत जी. त्यांचं धुणं झालं की तुमची लाइन बघतील." बाई हसल्या होत्या. मग मला रेकॉर्डिंग आठवलं होतं आणि हसू पार गेलं होतं. रात्रभर अंथरुणात तेच वाक्य ऐकत होतो.

रेकॉर्डिंग सुरू झालं. बाईंचा आवाज आला, "ओ दादा, रूटरवर लाल लाइट हाय सकाळधरनं. पोरीचा क्लास बुडाला." मी म्हणत होतो, "हो जी ताई, रूटरची मागची वायर बघा." तेवढ्यात त्यांच्या नवऱ्यानं फोन घेतला. "राउटर म्हणा हो, राउटर. तुमच्यासारख्यांनी तरी नीट बोलावं."

"हो जी सर, राउटर."

मग फोन परत बाईंकडं गेला आणि मी पुन्हा म्हणालो, "बोला ताई, रूटरवर आता काय दिसतंय?"

पुण्याच्या सरांनी तिथंच रेकॉर्डिंग थांबवलं. सगळे हसत होते. सर मात्र गंभीर. "पाहिलंत? एका फोनमध्ये दोनदा पक्ष बदलला. याला भाषा म्हणतात का?"

नेटवर्कचे सर पोह्यातलं लिंबू पिळत म्हणाले, "पक्ष कुठं बदलला? सुरुवात रूटर, शेवट रूटर. मधलं दबावाखाली. पोरगं आमचं आहे."

"ग्राहकानं सुधारल्यावर तो राउटर म्हणाला. म्हणजे त्याला बरोबर काय ते कळतं."

"त्याला कळतं की तुमच्यासारखे लोक भांडतात."

"पुन्हा लावा," पुण्याचे सर म्हणाले. त्यांनी सुरुवातीपासून लावलं आणि बरोबर त्याच जागी थांबवलं. दोघं वाकून ऐकत होते, जणू आत कुणीतरी आजारी आहे. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्या जागेपासून माझं वाक्य किती लांब आहे याचा अंदाज घेत होतो. लांब नव्हतं.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. सेठ मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, "उठा रे कोई."

मी धावत गेलो. दार उघडंच होतं. पडेगावच्या त्याच बाई. "आजबी लालच हाय. काल म्हणलात माणूस येतो. आला का कुणी? नाय ना."

आतल्या खोलीतून सगळे माझ्याकडं बघत होते. लाइनमन पोह्याची प्लेट घेऊन बसलेला मला दिसत होता. मी म्हणालो, "निघालाय जी ताई."

फोन ठेवून आत आलो तर सेठ विचारत होते, "कौन निकला?"

"कुणी नाही सेठ," मी म्हणालो. खोटं पुढं रेटायची हिंमत नव्हती.

"कहाँ का है?"

"पडेगाव. कालपासून बंद आहे."

सेठ लाइनमनकडं वळले. "उठ मियां. पोहे वहीं खा लेना."

लाइनमननं प्लेटवर कागद टाकला आणि तो गेला. दोन्ही सर अजून एकमेकांकडंच बघत होते. त्यांना मधे फोन वाजल्याचाच राग आलेला. पुण्याचे सर म्हणाले, "सेठ, या मुलाला माझ्याकडं द्या. उच्चार एक महिन्यात बसवतो."

नेटवर्कचे सर म्हणाले, "बिघडवू नका. माझ्याकडं राहू द्या."

ज्यांना मी शब्द धुणारे म्हणालो होतो, ते दोघं माझ्यासाठी भांडत होते. सेठनं चहा संपवला. "फोन इसी के पास रहने दो. लोग इस पे चिल्लाते नहीं." मग माझ्याकडं बघून, "जा, बैठ अपनी खुर्ची पे."

मी सेठच्या पायाला हात लावणार होतो. त्यांनी पाय मागे घेतले.

बाहेर जाताना मी दारात थांबलो, कारण पुण्याचे सर विचारत होते, "राहिलेला फोन ऐकायचा का?"

माझा हात दाराच्या कडीवर होता. मग नेटवर्कचे सर म्हणाले, "पुढं कशाला? पुढं नुसती तक्रार असणार. आधी हे मिटू द्या. लावा परत."

मी दार ओढून घेतलं.