विहाराच्या भिंतीवरचा पदकतक्ता

आमच्या गावातल्या विहाराची मागची भिंत माझ्या नवऱ्याच्या ताब्यात होती. ऑलिंपिक असो की एशियाड, खेळ संपले की तो ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन जायचा आणि तिथं पदकतक्ता रंगवायचा. देशाचं नाव, पुढं सोनं, चांदी, कांस्य. जुन्या तक्त्यांचा रंग उडाला की परत गिरवायचा. तरुणपणी तो मलकापूरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर टाकायचा, त्यामुळे त्याचे आकडे छापल्यासारखे यायचे.

मी चौथी शिकलेली. मला त्यात काही गोडी नव्हती. घराला चुना नाही आणि गावाच्या भिंतीवर परदेशाचे आकडे, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो हसायचा. कोणी येऊन बसलं की त्याचं ठरलेलं बोलणं सुरू. अमुक देश मोडला, त्याचे तुकडे झाले, नकाशात नाव उरलं नाही, पण त्याची पदकं अजून त्याच्याच नावावर आहेत. देश मोडला तरी पदक जात नाही, चोरून औषध घेतलं तरच जातं. तसं कुणाचं गेलं की तो पत्र्याचा तुकडा घेऊन तेवढा आकडा खरवडायचा आणि बरोबर करायचा. ते काम तो खुशीत करायचा. "चोट्टे साले," म्हणायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्याच्या नादानंच आमची नात पळायला लागली. शाळेतून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मग दूरच्या शिबिरात. शेवटी चार मुलींच्या रिले शर्यतीत तिची निवड झाली. परदेशात जायचं होतं. त्याआधी थोडे दिवस ती घरी आली, तेव्हा ऊन लागून तिला हगवण लागली. तोंड एवढंसं झालं.

आमच्याकडे निंदणीच्या दिवसांत अंग दुखलं की बाया सलाईनची बाटली लावून घेतात, वरून ताकदीची सुई. मोटारसायकलवर एक डॉक्टर येतो, खुंटीला बाटली टांगतो, तास-दोन तासांत बाई वावरात. कोणी त्याला दुखणं म्हणत नाही आणि औषधही म्हणत नाही. नातीला शिबिरात बजावलं होतं की बाहेरची गोळी घ्यायची नाही. तिनं तापाची गोळीसुद्धा घेतली नाही, चुलतीनं दिलेलं चूर्ण परत केलं. पण बाटली म्हणजे मिठाचं पाणी आणि सुई म्हणजे ताकद, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. तिची आई, माझी सून, म्हणाली, तिकडे चक्कर येऊन पडलीस तर? पोरीनं हात पुढे केला.

चौघी तिसऱ्या आल्या. गावात गुलाल उधळला. म्हाताऱ्यानं तक्ता रंगवला आणि खाली एक ओळ जास्तीची लिहिली, यातलं एक कांस्य आपल्या गावच्या मुलीचं. ती ओळ निळ्या रंगात होती.

पुढं शिबिरात पळायला शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. पोरीच्या लघवीत काहीतरी सापडलं होतं. तिला विचारलं, काय टोचलं, चिठ्ठी दाखव. आमच्या गावात सुईची चिठ्ठी कोण देतो? डॉक्टरकडे गेलो तर म्हणाला, मी नुसती बाटली लावली होती, सुई दिलीच नाही. पोरीला शर्यतीत पळायला काही वर्षं बंदी झाली. पदक एकटीचं गेलं नाही, चौघींचं गेलं. बाकीच्या तिघींपैकी एकीनं फोन केला होता. पदकावर तिला नोकरी लागणार होती, ती राहिली, एवढं सांगून तिनं फोन ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं नात म्हणाली.

पदक मलकापूरहून पार्सलनं परत पाठवलं. भिंतीवरचा आकडा मात्र तसाच होता. गिरणीपाशी एकानं म्हाताऱ्याला गाठून विचारलं, "काऊन बे बुढ्या, आता चोट्टे कोनाले म्हनशीन?" तो दळण न घेताच घरी आला. विहारातली मंडळी समजुतीनं घेत होती. राहू द्या, परदेशातून कोण बघायला येतं, म्हणत होती. मलाही तसंच वाटत होतं. म्हाताऱ्यानं भिंतीकडे जाणंच सोडलं.

एक दिवस ओसरीवर नात त्याला म्हणाली, "आबा, भित नीट कराची राह्यली."

"पाऊस उघडू दे."

"पाऊस कुठी हाये?"

मी मध्ये पडले, पोरी, तू चोरी केली नाहीस, म्हटलं.

"आजी, पदक गेलं ना? मंग आकडा खोटा हाये," ती म्हणाली. "दुसऱ्याचे खरवडले तवा कोनं इचारलं का, त्याइले कोनं सुई देली?"

म्हाताऱ्याचं तोंड पडलं. ती पत्र्याचा तुकडा घेऊन निघाली. मागून तो डबा घेऊन गेला, मीही गेले. सून आली नाही. पोरीनं निळी ओळ खरवडली. नखांत रंग गेला. आपल्या देशाचा आकडाही तिनंच काढला. म्हाताऱ्यानं चौथ्या आलेल्या देशाला एक वाढवून दिलं आणि शेवटी आपल्या देशापुढं एक कमी करून, रंगाचा जाड हात देऊन लिहिलं. गाठींवर हजारो नंबर टाकलेला हात, पण आपला आकडा वाकडा आला. तो पुसून परत काढ, असं मी म्हटलं नाही.

त्यानंतर खेळ झाले, पण त्यानं भिंतीला ब्रश लावला नाही. आता तो नाही. नात पळत नाही, बंदी संपली तरी. डॉक्टर अजून येतो, बाया अजून बाटल्या लावतात. सून ताप आला तरी पडून राहते, सुई घेत नाही. अशानं आता काय होणार, पण तिला सांगणार कोण.

गिरवायला कोणी नसल्यानं भिंतीवरचे जुने आकडे उडून गेले. मोडलेल्या देशांचीही नावं ओळखू येत नाहीत. तो एक वाकडा आकडा सगळ्यांत नवा रंगवलेला. तो तेवढा रस्त्यावरून वाचता येतो.