साडीगार्डच्या जागेवरची टाकी

आमच्या आगाशीच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. बी.एस्सी., फिजिक्स. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. घरच्यांना केळी आणि पानवेली कळायच्या, मला फिजिक्स कळायचं. ते कधीतरी उपयोगाला येईल म्हणून सगळे धीर धरून होते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एक जुनी बुलेट घेतली आणि लेहला जायचं ठरवलं. बायको म्हणाली, "मी पण येणार." मी बरं म्हणालो. आईला विचारायचं बाकी होतं, आणि आई नाही म्हणाली तर बायको येणार नव्हती. आमच्या घरी तशीच पद्धत होती.

पण त्याआधी पेट्रोलचा प्रश्न होता. मनालीच्या पुढे एका गावानंतर थेट लेहपर्यंत पंप नाही, असं जाऊन आलेले सांगत. दोन माणसं, सामान आणि चढ, म्हणजे गाडीची टाकी पुरणार नव्हती. मी दहा लिटरचा लोखंडी कॅन आणला. तो ठेवायचा कुठे? मागे कॅरिअरवर बिछाना. पुढे लेगगार्डवर इंजिनची धग. उजवीकडे सायलेन्सर, आणि सायलेन्सरशेजारी पेट्रोल ठेवू नये हे कळायला पदवी लागत नाही. राहिली डावी बाजू. तिथे साडीगार्ड होता. पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळी आणि खाली एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठी पाय ठेवायची पट्टी.

मी बायकोला सांगितलं, "साडीगार्ड काढावा लागेल."

"मग मी पाय कुठे ठेवू?"

"दोन्हीकडे पाय टाकून बसावं लागेल."

"साडीत?"

"साडीत नाही जमणार."

"म्हणजे पंजाबी ड्रेस," ती म्हणाली. आवाजात दुःख आणायचा तिने प्रयत्न केला. ती नायगावची. लग्नाआधी पंजाबी ड्रेसच घालायची. आमच्याकडे आल्यापासून साडी.

स्टँड बनवायला विरारच्या एका ग्रिलवाल्याकडे गेलो. तेव्हा विरार-नालासोपाऱ्यात रोज नवी बिल्डिंग उभी राहायची आणि प्रत्येक गॅलरीला ग्रिल लागायची. मी त्याला चित्र काढून दिलं. खाली अँगलची चौकट, चेसिसला दोन क्लॅम्प, वर कॅन आवळायला पट्टी, मध्ये जुन्या ट्यूबचा रबर. त्याने अगदी मापात बनवलं. फक्त उभे बार पिळाचे घातले, मध्ये एक फूल बसवलं आणि प्रत्येक बारच्या टोकाला भाला काढला.

"हे भाले कशाला?"

"सर, प्लेन चांगलं नाही दिसत."

"टोकं पेट्रोलच्या कॅनकडे आहेत."

त्याने जरा विचार केला. "बाहेर वळवू?"

भाले मी कापायला लावले. फूल राहिलं, त्याने वजन फारसं वाढत नव्हतं. बाबांनी स्टँड हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "ही कुठल्या गॅलरीची?"

मग आई. मी तिच्यासमोर फरशीवर खडूने बुलेट काढली, डावीकडे कॅनचं वजन दाखवलं आणि एका बाजूला माणूस बसलं की गुरुत्वमध्य कसा सरकतो ते समजावलं. आई तांदूळ निवडत होती.

"म्हणजे हिने पुरुषासारखं बसायचं?"

"फिजिक्सच्या हिशेबाने तसंच बसावं लागतं, आई."

"आणि ही जादाची टाकी काढली की?"

"मग साडीगार्ड परत."

"मग जा," आई म्हणाली.

शिक्षण कामी आलं ते असं. दुसऱ्याच दिवशी बायको निळा पंजाबी ड्रेस घालून बाहेर आली. इतक्या लवकर कसा शिवून झाला, हे मी विचारलं नाही.

पेट्रोलऐवजी पाणी भरून आम्ही अर्नाळ्यापर्यंत चाचणी घेतली. खड्डे भरपूर होते, त्यामुळे चाचणी चांगली झाली. किनाऱ्यावर बोंबील सुकत घालणारी एक बाई ओरडली, "ओ दादा, पेट्रोल गलतंय तुमचं!"

"पाणी आहे ते," मी म्हणालो.

"पान्यावर चालते गाडी?"

गळती झाकणातून होती. स्टँड जराही हललं नव्हतं. परतताना आगाशीच्या बाजारात सगळ्यांनी बघितलं, टाकीकडे नाही. देवळात दोघीतिघींनी आईला विचारलंच. आई म्हणाली, "बॅलन्सचं असतं ते. तुम्हाला नाही कळायचं."

आम्ही लेहला जाऊन आलो. वाटेत एक वेल्डिंग सुटलं, ते एका ट्रकवाल्यांच्या गॅरेजात पुन्हा मारून घेतलं. शेवटच्या टप्प्यात कॅनमधलं पेट्रोल लागलं. हे मुद्दाम लिहितो, कारण बाबांना वाटत होतं की लागणार नाही.

घरी आल्यावर आई माझ्या मागे लागली. तिला गुडघ्यासाठी विरारला डॉक्टरकडे जायचं होतं आणि पाय ठेवायला पट्टी नव्हती. मी स्टँड काढलं, साडीगार्ड बसवला. बायको पाना धरून बाजूला उभी होती. आईला डॉक्टरकडे नेऊन आणलं.

संध्याकाळी मला आणि बायकोला तिच्या माहेरी, नायगावला, जायचं होतं. बायको निळ्या ड्रेसमध्येच बाहेर आली आणि पूर्वीसारखी दोन्हीकडे पाय टाकून बसली. आई ओट्यावर होती.

"टाकी काढली ना?" आई म्हणाली.

"काढली, आई. पण लेहपर्यंत अशीच बसून गेले. आता एका बाजूला बसलं की पडेन असं वाटतं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी फिजिक्समधलं काहीतरी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

आई आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात केळीचा अख्खा घड होता. "तुझ्या आईला दे," ती सुनेला म्हणाली. "दोघांच्या मध्ये धर. एका बाजूला नको, बॅलन्स जाईल."