बर्फात बसलेला बॉस आणि न पाहिलेलं मशीन

"त्यांचं मशीन आधी मला बंद पाडून दाखवा, मग करारावर सही करतो," डेल म्हणाला.

डेल आमचा बॉस. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आयटी कंपनी काढण्याआधी त्याने अर्धी हयात मोटार कंपनीत चाचणीसाठी, आत डमी पुतळे बसवून, नव्या कोऱ्या गाड्या भिंतीवर आदळण्यात घालवली होती. आदळल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नसे.

ही २००८ सालची गोष्ट. रीटा नावाच्या बाईच्या टोइंग कंपनीसाठी, म्हणजे बंद गाड्या ओढून नेणाऱ्या कंपनीसाठी, आम्ही मोबाइल अ‍ॅप केलं होतं. रस्त्यात गाडी बंद पडली की फोनवरून निरोप पाठवायचा, तो जवळच्या ट्रक ड्रायव्हरला दिसायचा. मधे निरोप सांभाळतो तो डेटाबेस. आमचा डेटाबेस ऑफिसातल्याच सर्व्हरवर होता. एकदा सर्व्हर बसला, निरोप हरवला आणि एक म्हातारी बाई तासन्‌तास गाडीत कुडकुडत राहिली. वाचली, हे नशीब. रीटाने निक्षून सांगितलं, "पुन्हा कुणी असं अडकलं तर तुमचं अ‍ॅप बंद."

म्हणून होस्टेड डेटाबेस, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर भाड्याने ठेवलेला. एक कंपनी वेगवान होती, पण डेटा एकाच जागी ठेवायची. दुसरी जरा मंद, पण प्रत्येक निरोपाच्या प्रती वेगवेगळ्या गावांत ठेवायची. मला दुसरी हवी होती. त्यांच्या इंजिनिअरला विचारलं, "आमचा निरोप नक्की कुठल्या मशीनवर जाणार?"

"आधी मलाही सांगता येत नाही," तो म्हणाला. भाजीसुद्धा उलटीसुलटी करून घेणारी मी, गारच पडले.

त्यांचं मशीन बंद पाडायच्या टेस्टच्या दिवशी डेल गावाबाहेर गाडी घेऊन बसला. बर्फ पडत होतं. इंजिन बंद, हीटर बंद. "आजवर डमी बसवले, आज मी बसतो. मला आणायला ट्रकच येईल, तुम्ही कुणी यायचं नाही."

त्याने निरोप पाठवला. निरोप ज्या गावच्या मशीनवर पोचला, तिथली सगळी मशीनं इंजिनिअरने आमच्यापुरती बंद केली. आमचा स्क्रीन कोरा झाला.

"गेलं यार," शेजारी बसलेला मिलिंद पुटपुटला.

त्याने नको म्हटलं होतं तरी त्याला आणायला मी गाडीच्या किल्ल्या उचलल्या. बॉस गेला खड्ड्यात म्हणण्याइतकी माझी छाती नव्हती. तेवढ्यात निरोप परत दिसला. जसाच्या तसा. खाली ड्रायव्हरचं उत्तर होतं, निघालो.

मी न पाहिलेलं एक मशीन बंद पडलं आणि मी न पाहिलेल्या दुसऱ्याने काम उचललं. कुणी कुणाला हाकसुद्धा मारली नाही. हात जोडावेसे वाटले, पण कुठल्या दिशेला जोडायचे तेच कळेना.

डेल लालबुंद नाक घेऊन ट्रकमधून उतरला. "जन्मात पहिल्यांदा काहीतरी आदळलं आणि साधा ओरखडा नाही," म्हणाला आणि हातमोजे न काढताच सही केली.

तेव्हापासून डेटाबेस निवडताना वेगाचं मी शेवटी विचारते. आधी विचारते, हा बंद पडला तर थंडीत कोण बसणार? "मी" म्हणणारा बॉस पुन्हा भेटला नाही.