धरलेली जागा

“पण मला त्या खुर्चीत बसू का दिलंस?” डेल्मरने बायकोला तिसऱ्यांदा विचारलं. “मला वाटलं आपलीच. म्हातारा समोर उभा, आणि मी त्याच्याच खुर्चीत पाय पसरून त्याला विचारतोय, कसं काय चाललंय!”

आर्डिथ मक्याच्या पावाचे तुकडे करत राहिली. बोलली ती लोरीन, तिची धाकटी बहीण. एका घडीच्या खुर्चीपायी सकाळी सकाळी एवढा गहजब कशाला, असं तिचं म्हणणं होतं.

लोरीनचा दोष नव्हता. ती शहरातून आलेली. ॲरिझोनाच्या त्या सरकारी उद्यानात मात्र खुर्चीला वजन होतं. तिथे ट्रेलर लावायला जागा आधी राखून मिळत नसे. आधी येईल त्याची. अर्ध्या दिवसासाठी गावात जायचं तर जागेच्या मधोमध खुर्ची मांडून जायचं. मग त्या जागेला कुणी हात लावायचा नाही. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं, पण नवीन आलेल्या प्रत्येकाला आर्डिथ ते बजावून सांगायची.

गेली अकरा वर्षं ती या तळाची होस्ट होती. दिवसातून दोन फेऱ्या मारायच्या, चुलींमधली राख काढायची, भांडणं मिटवायची. बदल्यात थंडीचे सहा महिने वीज-पाण्याची जागा फुकट. नेब्रास्कातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढून तिने आणि डेल्मरने घर विकलं होतं. हा ट्रेलर हेच आता त्यांचं घर. कुणाची खुर्ची बाजूला सारून जागा बळकावली, म्हणून मागच्या वर्षी टेक्सासच्या एका धेंडाला तिने सगळ्यांदेखत उठवलं होतं. ती हकिगत ती अजून रंगवून सांगे.

आणि फोनवर लोरीनला म्हणाली होती, “तू नुसती ये. इथे माझा शब्द चालतो.”

लोरीन पाच वर्षांनी येत होती. काल दुपारी ती आपला ट्रेलर घेऊन फाटकाशी पोचली, तेव्हा विजेची एकही जागा रिकामी नव्हती. नऊ नंबरवर फक्त खुर्ची होती. आर्मीहो नवराबायकोचं बिऱ्हाड त्यांच्या ट्रकच्या पाठीवरच. ते गावात निघाले की घरही बरोबर जाई. हे आर्डिथला पक्कं ठाऊक होतं. चारच दिवसांपूर्वी ओफेलिया आर्मीहोने तिला मक्याच्या पिठाचे गरम तमाले आणून दिले होते. तरी तिने इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची मिटली, आपल्या ट्रेलरमागे नेऊन ठेवली आणि नऊ नंबर लोरीनला दिला.

चारच्या सुमाराला म्हातारा आर्मीहो आला. आमची खुर्ची होती इथे, एवढंच म्हणाला.

“नव्हती,” आर्डिथ म्हणाली. “मी फेरी मारली तेव्हा जागा मोकळीच होती.”

तिच्या मागे डेल्मर त्याच खुर्चीत बसला होता. पाठीला खुर्चीवरची, ओफेलियाने भरतकाम केलेली उशी. म्हाताऱ्याने उशीकडे पाहिलं, डेल्मरशी दोन शब्द बोलला, मग हॅट डोक्यावर नीट बसवली.

“वारा होता आज, बाई,” तो म्हणाला. “वाऱ्याने गेली असेल.”

दिवसभर झुडपाचं पानसुद्धा हललं नव्हतं. तो भांडला असता तर आर्डिथकडे उत्तरं होती. अकरा वर्षांत तिने नाही नाही ते ऐकून घेतलं होतं. पण त्याने तिची अब्रू झाकली, आणि तेव्हापासून तिला मान वर करवेना. पहाटे तिने डेल्मरला सगळं सांगितलं. तो खुर्ची परत करायला गेला, आणि आता आला होता तो असा तणतणत.

“फाटकाबाहेर खडीवर आहेत ते,” तो म्हणाला. “ओफेलियाच्या नाकात नळी आहे. प्राणवायूचं यंत्र विजेवर चालतं, इथे असताना कुणाला कळलंच नाही. काल गावात गेले ते नळकांडी भरून आणायलाच. आता त्यांच्यावरच आहे ती. दुपारपर्यंत पुरतील म्हणाला.”

लोरीनने कप खाली ठेवला. “मग मी हलू का? हलते की. सांग तसं.” पण ती उठली नाही.

डेल्मरचा आवाज उतरला. त्याने सुचवलं, लोरीनला आपल्याकडे घ्यावं, त्यांना नऊ नंबरवर परत आणावं, खुर्ची सापडली म्हणावं. म्हातारा काही बोलणार नाही. उद्यानाच्या रेंजरच्या कानावर गेलं तर काम जाईल, जागाही जाईल, आणि ऐन फेब्रुवारीत जायचं कुठे?

तो बोलणार नाही, हेच तर आर्डिथला सोसत नव्हतं. तिने सुरी पुसून ठेवली.

“मी आधी त्यांच्याकडे जातेय, मग रेंजरकडे,” ती म्हणाली. “खुर्ची मी काढली आणि खोटं बोलले, हे दोघांनाही सांगणार. होस्टचं काम मी सोडलं. लोरीन, जागा मी दिली, तू मागितली नव्हतीस, राहा तिथेच. आर्मीहो इथे येतील, आपल्या ट्रेलरच्या जागेवर. डेल्मर, दहाच्या आत पाण्याची नळी काढ, ट्रेलर जोड. आपण निघतोय.”