यादीत नसलेला पेशंट

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच. इथं माझं नाव कुणाला माहीत नाही, म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो, भूत-भानामती असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वीस-बावीस वर्षं कॉम्प्युटरवर काढलेला माणूस मी. मशीनमध्ये जे टाकाल तेच बाहेर येतं, यापलीकडं माझा देव नव्हता.

नांदेडला एका ट्रस्टच्या ऑफिसात काम करतो. आमच्या ट्रस्टची मोतीबिंदूची शिबिरं तालुक्याच्या गावी होतात. तिथले फॉर्म आमच्याकडं येतात, आम्ही ऑपरेशनची यादी काढतो आणि ती लातूरला दवाखान्यात जाते. प्रत्येक गावाचा फॉर्म थोडा वेगळा असतो, म्हणून टेबलातून, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या तक्त्यातून, माहिती काढायची क्वेरी, म्हणजे मशीनला लिहिलेली मागणी, दर शिबिराला बदलते. प्रोग्राम मात्र एकच. पहिला कॉलम आला की नाव, दुसरा गाव, चौथा डावी नजर, पाचवा उजवी... असं नंबरावर बसवलेलं मॅपिंग, कॉलमचं नाव ते बघत नाही. ज्या डोळ्याची नजर कमी, तो डोळा ऑपरेशनला. दुपारी तीनला बॅच चालवायची, दहा मिनिटांत यादी तयार.

या कामावर मला लावलं माझ्या दाजींनी, आक्काच्या नवऱ्यानं. बालाजी त्यांचं नाव, गाव जळकोट. लहानपणी बाभळीचा काटा लागून त्यांचा डावा डोळा गेलेला. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक शिबिराच्या टेबलात पहिली ओळ स्वतःची टाकायची... नाव, जळकोट, डावी नजर काही नाही, उजवी स्वच्छ. यादी निघाली की आधी तीच ओळ बघायची. तिथं "डावा" छापलं असेल तरच पुढं पाठवायची.

म्हणायचे, "माझा डोळा जागेवर तर लोकांचे जागेवर. भाजी आपण चाखून मगच पंगतीला वाढायची, मेव्हणं."

लातूरवाले चेष्टा करायचे. फोनवर विचारायचे, "काय हो, तुमचा बालाजी पेशंट आजबी बसमधून उतरला न्हाई. पळून गेला का काय?" दाजी हसायचे. मला लाज वाटायची.

मग इन्चार्जची जागा निघाली. मला वाटलं दाजी माझंच नाव पुढं करतील. त्यांनी दुसऱ्याचं केलं. कारण विचारलं तर एवढंच म्हणाले, "तुला लई घाई हाय." सख्खा दाजी, आणि असं... तो घाव मी मनात धरून बसलो.

पुढच्याच आठवड्यात दाजी आणि आक्का माहूरला देवीच्या दर्शनाला गेले. लोह्याच्या शिबिराची यादी मी काढली, त्यांच्याच लॉगिनवर. लोह्याच्या फॉर्मवर उजवी नजर आधी होती, डावी नंतर. मी क्वेरीत तसंच लिहिलं, मॅपिंगला हात लावला नाही. आणि दाजींची ती ओळ... आकडा एकानं जास्त येतो म्हणून मी क्वेरीतूनच गाळून टाकली.

चाळीस माणसांचे डोळे उलटे छापले गेले.

लातूरला पहिल्याच बाईला टेबलावर घेतल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं. कापाकापी झाली नाही, पण सगळी शिबिरयादी रद्द झाली. चाळीस जण उपाशीपोटी बसमधून लोह्याला परत. काय चुकलं ते तपासायला मला लोह्याला पाठवलं होतं. एक म्हातारी, चुकीच्या डोळ्यावर खुणेची पट्टी तशीच चिकटलेली, बसच्या पायरीवरून म्हणाली, "कागद आंधळा तुमचा, अन् पट्टी आमच्या कपाळाला व्हय रं?"

लॉगिन दाजींचं होतं, ते बाहेरगावाहूनही चालायचं, म्हणून बॅच त्यांनीच चालवली असं सगळ्यांनी धरलं. साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं. दाजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी स्क्रीनकडं बघत राहिलो. त्यांची नोकरी गेली. "डोळे फिरवणारा बालाजी" हे नाव जळकोटपर्यंत पोचलं. मी पुढं इन्चार्ज झालो.

याला सात वर्षं झाली. त्यांच्या ओळीची पद्धत मी बंद केली होती, जुनी टेबलंही पुसली.

गेल्या वर्षी मुखेडच्या शिबिराची बॅच चालवली. आमची ऑपरेटर सुनंदा म्हणाली, "सर, टेबलात चौसष्ट पेशंट आहेत, यादीत पासष्ट आलेत. हा पहिला कोण? बालाजी, जळकोट."

डोळ्याच्या रकान्यात "उजवा" होतं. क्वेरी तपासली, तर सुनंदानं कॉलम पुढंमागं केले होते. सगळी यादी उलटी. दुरुस्त करून पुन्हा चालवली तर चौसष्टच. ती ओळ गायब.

सुनंदा म्हणाली, "बरं झालं सर, सापडलं!" मी मात्र तो पहिला कागद घडी करून खिशात घातला.

पहिला विचार हाच, की दाजींनी प्रोग्राममध्ये काहीतरी लपवून ठेवलंय. जाताना दगा देऊन गेले. पूर्ण कोड चाळला, सर्व्हर शोधला. बालाजी हे नाव कुठंच नाही. जळकोटही नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी मॅपिंग बरोबर होतं, एकेक फॉर्म मी स्वतः ताडून बघितला. तरी पहिली ओळ बालाजी, जळकोट. डावी नजर काही नाही. पण उजवीपुढं "स्वच्छ" नव्हतं. तिथं होतं, "हात हलवलेला दिसतो". तो कागद घेऊन रागारागानं जांबमार्गे जळकोट गाठलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

दाजी अंगणात तुरी निवडत बसले होते. बोटांनी चाचपून.

"कोण हाय?"

"मी."

"या मेव्हणं! वाट चुकली का?" तोंड माझ्याकडं नव्हतं, दाराकडं होतं.

"दाजी, प्रोग्रामात काय घालून ठेवलंय ते सांगा. सरळ."

"मी? माझ्यापाशी साधा मोबाईल हाय, त्याचीबी बटनं मोजून दाबतो. काय आणलंस? वाच."

वाचलं. "उजवी... हात हलवलेला दिसतो."

आक्का चहा घेऊन येत होती, तिथंच थांबली. "तुला कुणी सांगितलं? आम्ही पोरींलाबी सांगितलं न्हाई. मीच रोज सकाळी ह्यांच्या म्होरं हात हलवून बघते, दिसतो का म्हून."

तिनं चहा ठेवला. आक्का आत गेल्यावर दाजी हळूच म्हणाले, "माझी ओळ तूच काढली व्हतीस. त्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलला का नाही?"

"वाट बघितली. तू बोलशील म्हून."

मी म्हणालो, मोतीबिंदू असेल, उद्याच लातूरला चला, मी पहिल्या नंबरात घेतो.

"त्या दवाखान्यात माझं नाव कशानं घेत्यात, ठावं हाय तुला. डोळे फिरवणारा म्हून त्या लायनीत न्हाई उभा राहणार मी. आधी जा, खरं सांगून ये. मग येतो."

आक्का परत आली. "काय खरं सांगायचं?"

"काही न्हाई गं. कामाचं हाय," दाजी म्हणाले. तिथंही त्यांनी मला झाकलं, आणि मी झाकून घेतलं.

ती ओळ कुठून आली, मला माहीत नाही. हैदराबादच्या एका जाणकारालाही दाखवलं. तो म्हणाला, क्वेरीनं न दिलेली ओळ मॅपिंगमधून बाहेर पडूच शकत नाही. मलाही ते कळतं. दाजींना कळतं. तरी दर शिबिराला ती आता येते, आणि मागच्या शिबिराला उजव्या नजरेपुढं "फक्त उजेड कळतो" असं होतं.

लातूरच्या डॉक्टरांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणतात, फार उशीर करू नका.

मी दाजींना एक वाक्य देणं लागतो. लोह्याची बॅच मी चालवली होती. ते ऑफिसात, सगळ्यांसमोर, आणि आक्कासमोर बोलायचं आहे. आज तारखेपर्यंत मी ते बोललेलो नाही.